आधी जमीन बघावी

कुठल्याही नव्या जागेत शिरलं की तुम्ही-आम्ही वर बघतो. छत किती उंच आहे, झुंबर आहे का, खिडक्या कशा आहेत. वहिनी खाली बघायच्या. नुसत्या बघायच्या नाहीत, तर पायातलं दाराशी काढून उजव्या पायाची टाच जमिनीवर दाबायच्या, मग दोनदा हलकेच आपटायच्या आणि मान कलती करून ऐकायच्या. मग निकाल लागायचा. "चांगली आहे बाप्पा जमीन." किंवा, "इथं पोरी पडल्या तर गुडघे फुटतील."

हे चर्चमध्ये व्हायचं, बँकेत व्हायचं, कुणाच्या घरी जेवायला गेलं तरी व्हायचं. एकदा मी त्यांना म्हटलं, "वहिनी, लोक बघतात." त्या म्हणाल्या, "बघू दे नं. व्यायामाच्या बाईनं आधी जमीन बघावी. छत पडायला शंभर वर्षं लागतात. पोरगी एका क्षणात पडते."

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका लहानशा विद्यापीठाच्या गावात मी रसायनशास्त्रात पीएच.डी. करत होते. वहिनींचे यजमान कापसावरच्या बोंडअळीचे शास्त्रज्ञ. विदर्भातून दोन वर्षांसाठी आमच्या विद्यापीठात संशोधनाला आले होते. आम्ही विद्यार्थी त्यांना नुसतं 'डॉक्टर' म्हणायचो. वहिनी अमरावतीच्या एका मुलींच्या शाळेत व्यायामशिक्षिका. बिनपगारी रजा टाकून नवऱ्याबरोबर आल्या होत्या. मुलगा तिकडे इंजिनिअरिंगच्या वसतिगृहात. वयानं त्या खरं तर आमच्या काकूच, पण पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, "काकू म्हटलं की माझे गुडघे दुखतात. वहिनी म्हणा."

त्यांच्या व्हिसावर नोकरी करायची परवानगी नव्हती. दिवसभर शिट्टी वाजवत उन्हात उभ्या राहिलेल्या बाईला दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये बसवलं, तर ती काय करणार? वहिनी चालायच्या. साडी नेसून, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट घालून सगळं गाव त्यांनी पालथं घातलं. माझ्याआधी त्यांना गाव पाठ झालं.

गावाला दोन गोष्टींचा अभिमान होता. एक, यादवी युद्धाच्या आधीची उंच पांढऱ्या खांबांची घरं. दुसरी, फुटबॉलचं स्टेडियम. तेही आपलं फुटबॉल नाही, चेंडू काखेत घेऊन पळायचं तिकडचं. गावची सगळी वस्ती त्या स्टेडियममध्ये दोनदा मावली असती. डॉक्टरांच्या वरिष्ठांनी एका शनिवारी तिकिटं दिली, तेव्हा वहिनी शेवटपर्यंत बसल्या. बाहेर पडताना म्हणाल्या, "एवढी मोठी जागा, अन् खेळतात मूठभर. बाकी सगळे बसून. उलटं पाहिजे होतं."

वसंतात खांबांची घरं लोकांना बघायला उघडायची. गावातल्या प्रतिष्ठित बायका जुन्या काळचे मोठ्ठे घोळदार झगे घालून घर दाखवायच्या. मी वहिनींना घेऊन गेले. आम्हाला घर दाखवणाऱ्या बाई सत्तरीच्या, गावच्या वारसा समितीच्या अध्यक्ष. ताठ कणा, कापसासारखे केस, बोलणं इतकं मऊ की कान द्यावा लागे. त्या झुंबराबद्दल सांगत होत्या आणि मागून धप, धप असा आवाज आला. वहिनींनी बूट काढले होते.

"काही चुकलं का, मॅडम?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"नो, नो. व्हेरी गुड फ्लोअर," वहिनी म्हणाल्या. "हू मेड?"

बाईंनी त्या घराण्याचं नाव सांगितलं.

"नॉट फॅमिली," वहिनींनी दोन्ही तळवे पुढे केले. "विथ हँड. हू मेड?"

बाकीचे पाहुणे खिडकीबाहेर बघू लागले. ते घर कुणाच्या हातांनी उभं राहिलं हे सगळ्यांना माहीत होतं, फक्त त्या फेरीत 'गुलाम' हा शब्द उच्चारायची पद्धत नव्हती. "ती माणसं या घरचीच होती," बाई हळूच म्हणाल्या, आणि पुन्हा झुंबराकडे वळल्या. पण बाहेर पडताना त्यांनी वहिनींच्या उघड्या पायांकडे पुन्हा एकदा वळून बघितलेलं मला आठवतं.

गावाच्या मधून रेल्वेचा रूळ जायचा. रुळापलीकडे काळ्या लोकांची वस्ती. नव्या आलेल्या प्रत्येक भारतीयाला जुने भारतीय पहिल्याच आठवड्यात सांगायचे, "तिकडे जाऊ नका." मलाही सांगितलं होतं, आणि मी गेले नव्हते. वहिनींनाही सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "काऊन? रस्ता संपतो का तिथं?" आणि गेल्या.

तिथे त्यांना चेंडूचा आवाज आला. लाल विटांची एक जुनी बंद शाळा होती. दक्षिणेत गोऱ्या-काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या, त्या काळातली. पुढे मुलं एकत्र शिकू लागली, तेव्हा अर्थातच बंद झाली ती काळ्यांची शाळा. वर्गांच्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, पण मागच्या जिम्नॅशियमचं दार उघडं होतं. आत एक उंच, वयस्क काळी बाई काही मुलींना बास्केटबॉल शिकवत होती. वहिनी दारात थांबल्या, सवयीनं बूट काढले, आत पाऊल टाकलं आणि टाच दाबली.

ती बाई खेळ थांबवून जवळ आली. या शाळेत ती मुलींची कोच होती. शाळा बंद झाली, तिची नोकरी संपली, पण जिमची किल्ली तिनं परत केली नव्हती आणि कुणी मागितलीही नव्हती. ती रोज येऊन फरशी झाडायची आणि संध्याकाळी वस्तीतल्या मुलींना खेळवायची. ती वहिनींच्या पायांकडे बघून म्हणाली, "आयुष्यभर मी लोकांवर ओरडले, माझ्या फरशीवर बाहेरचे बूट आणू नका म्हणून. न सांगता काढणाऱ्या तुम्ही पहिल्या."

वहिनींना त्यातलं निम्मंच कळलं असेल. "आय ॲम पी. टी. टीचर," त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून कोच त्यांना 'टीचर' म्हणू लागल्या आणि वहिनी त्यांना 'कोचबाई'.

मग वहिनींची संध्याकाळ रोज तिथेच. मी पहिल्यांदा त्यांना गाडीनं आणायला गेले आणि दारातच थबकले. आठ मुली एका ओळीत, एकीचं तोंड इकडे तर दुसरीचं तिकडे, अशा उकिडव्या बसल्या होत्या आणि वहिनी पदर खोचून त्यांच्यामधून पळत होत्या. अमेरिकेच्या त्या कोपऱ्यात खो-खो सुरू झाला होता. मुलींना 'खो' म्हणता यायचं नाही, 'को' म्हणायच्या. कोचबाई बाकावर बसून मान हलवत होत्या. "चेंडू नाही, बास्केट नाही, काही नाही," त्या मला म्हणाल्या, "आणि तरी माझ्या पोरी इतक्या दमल्या कशा?"

त्या फरशीत एक गंमत होती. मेपलच्या लाकडाच्या पट्ट्या, पण त्यांच्यावर हिरव्या रंगाचे तुकडे इकडेतिकडे विखुरलेले. कुठे अर्ध्या वितीची रेघ, कुठे वाकडा काप. रांगोळी पुसून कुणीतरी पुन्हा कशीही जुळवावी तसं. वहिनींनी विचारल्यावर कोचबाईंनी सांगितलं. महायुद्धानंतर विद्यापीठानं आपल्या जुन्या जिमची फरशी उखडून टाकून दिली होती. वस्तीतले बापलोक गिरणीची पाळी संपवून गेले, ती लाकडं गाड्यांवर लादून आणली आणि इथे बसवली. पट्ट्यांचा क्रम राहिला नाही, म्हणून आधीच्या रेघा अशा फुटल्या. ज्या जिममध्ये त्यांच्या मुलींना पाऊल टाकता येत नव्हतं, तिचीच जमीन त्यांनी मुलींच्या पायाखाली आणून घातली.

शरद ऋतूत बातमी आली. ती जागा नगरपालिकेची होती, आणि स्टेडियमच्या सामन्यांना येणाऱ्या गाड्यांसाठी तिथे पार्किंग करायचं ठरत होतं. शाळा आणि जिम दोन्ही पाडायची. आक्षेप असेल त्यांनी सभेत येऊन बोलावं. गावातल्या जुन्या इमारतींना संरक्षण होतं, पण ते वारसा समितीच्या शिफारशीवर, आणि या इमारतीला खांब नव्हते.

वहिनी म्हणाल्या, "सोपं आहे. त्यांना सांगा, ही तुमच्याच विद्यापीठाची ऐतिहासिक फरशी आहे. धावत येतील."

कोचबाईंनी नकारार्थी मान हलवली. "नाही, टीचर. ते तुम्ही सभेत सांगायचं नाही. मला वचन द्या. मग ते त्यांची लाकडं वाचवतील. काचेच्या पेटीत ठेवतील. माझ्या पोरींना वाचवणार नाहीत."

वहिनींनी वचन दिलं. त्या रात्री मी त्यांच्याकडे जेवायला होते.

खरी अडचण घरात होती. डॉक्टर सज्जन माणूस, पण भित्रा. त्यांच्या संशोधनाला आणखी काही महिने मुदतवाढ हवी होती, आणि वारसा समितीतली निम्मी मंडळी विद्यापीठातल्याच बड्या लोकांच्या घरची. मी तिथे बसलेली असतानाच ते म्हणाले, "आपण पाहुणे आहोत. त्यांच्या गावचं भांडण आहे. आपण कशाला त्यात?"

"माझं काय आहे मग इथं?" वहिनी म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता. "तुमची अळी आहे, तुमची प्रयोगशाळा आहे. मला ती एक जमीन मिळाली."

डॉक्टर ताट घेऊन उठले, ते धुतलं, पुसलं आणि बराच वेळ तेच पुसत राहिले.

सभेच्या संध्याकाळी मी वहिनींना न्यायला गेले, तर डॉक्टर कोट घालून तयार. गाडीत त्यांनी एकच वाक्य उच्चारलं. "बोलायचं झालं तर सावकाश बोल. तू घाई केलीस की तुझं इंग्रजी तुझ्या पुढे पळतं."

नगरपालिकेचं सभागृह भरलं होतं. एका बाजूला गोरे, दुसऱ्या बाजूला काळे, कुणी सांगितलेलं नसताना. आम्ही तिघं मागे, मधोमध. आधी पार्किंगचा आराखडा दाखवला गेला. मग अध्यक्षबाईंनी वारसा समितीचं मत वाचलं. या इमारतीला वास्तुकलेच्या दृष्टीनं विशेष मूल्य नाही. त्यांनी ते वाचून कागद उलटा ठेवला. कोचबाई उभ्या राहिल्या, त्या बोलल्याही नीट, पण आयुष्यभर अशाच खोल्यांत बोलून काही न झालेल्या माणसाचा थकवा त्या आवाजात होता. सभापतींनी आभार मानले. "आणखी कुणी?"

वहिनी उठल्या. साडी, वर स्वेटर, पायात कॅनव्हासचे बूट. डॉक्टरांनी त्यांची पर्स हातात घेतली.

त्या सावकाश बोलल्या. इंग्रजी त्यांचंच होतं, मोडकं, पण एकही शब्द वाया गेला नाही. मी त्याचं मराठी करते तेवढंच. त्या म्हणाल्या, "मी लांबच्या देशातली व्यायामाची बाई आहे. माझ्या शाळेत फरशी नाही, मातीचं मैदान आहे. एकदा ते मैदान आमच्याकडून काढून घेतलं. मुलग्यांचं मैदान गेलं तर ते दुसरं शोधतात. लांब असलं तरी जातात. मुली जात नाहीत. त्यांना लांब पाठवत नाहीत. त्या घरी बसतात. मैदान परत मिळालं तेव्हा मी पोरींना बोलवायला घरोघर गेले. काहींची लग्नं झाली होती. तुम्ही ही जमीन घेतली तर गाड्या उभ्या राहतील. आणि मुली बसतील. एवढंच."

त्या खाली बसल्या. मग काळ्यांच्या बाजूच्या बाकांवरून एक चाळिशीची बाई उभी राहिली, नर्सच्या पोशाखातली. "मी तिथे खेळले," ती म्हणाली. मग तिच्या मागची. मग आणखी एक. कुणी भाषण केलं नाही. नुसत्या उभ्या राहत गेल्या, आणि कोचबाई मान वळवून एकेकीकडे बघत राहिल्या.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "सभापती महाराज, मी हे मत वाचलं खरं, पण ती जागा आतून पाहिलेली नाही. पाहीपर्यंत निर्णय थांबवावा."

दोन दिवसांनी त्या आल्या. एकट्या, स्वतः गाडी चालवत, हातात पर्स, गळ्यात मोती. जिमच्या दारात त्यांनी रांगेत काढून ठेवलेले बूट बघितले आणि काही न विचारता आपले काढले. मोज्यांतल्या पावलांनी त्या चालत मधोमध गेल्या आणि थांबल्या. खाली बघत होत्या. मग एवढ्या वयाची ती बाई गुडघ्यावर बसली आणि एका हिरव्या तुकड्यावर बोट फिरवू लागली.

"हा आमचा आहे," त्या म्हणाल्या.

कोचबाई ताठ झाल्या. मी वहिनींकडे बघितलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. फरशीचं त्यांनी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

अध्यक्षबाई कॉलेजात होत्या तेव्हा विद्यापीठात मुलींचा बास्केटबॉलचा संघ होता. मैदानाच्या मधलं वर्तुळ त्या मुलींनीच एका रविवारी रंगवलं होतं. हिरवा रंग उरलेला होता, म्हणून हिरवा. पुढच्या वर्षी विद्यापीठानं मुलींचा संघ बंद केला. खेळणं प्रकृतीला बरं नाही, असं सांगितलं. "मी सेंटरला खेळायचे," त्या म्हणाल्या. "त्यानंतर कधी खेळले नाही. हे मी माझ्या मुलांनासुद्धा सांगितलेलं नाही."

कोचबाई त्यांच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. "रंग तुमचा असेल," त्या म्हणाल्या. "झीज आमची आहे."

अध्यक्षबाईंनी वर बघितलं. "हो," त्या म्हणाल्या. "म्हणून ती इथेच राहायला हवी."

कोचबाईंनी हात पुढे केला आणि त्यांना उठवलं. वहिनी चेंडू घेऊन आल्या आणि अध्यक्षबाईंच्या हातात दिला. बाईंनी मोत्यांची माळ पाठीवर टाकली आणि चेंडू फेकला. तो बास्केटपर्यंत पोचलासुद्धा नाही. मुली हसल्या. बाईही हसल्या, आणि पुन्हा चेंडू मागितला.

सगळं काही मिळालं असं नाही. वर्गांची इमारत पाडली. सामन्यांच्या शनिवारी तिथे अजून गाड्या उभ्या राहतात. पण जिम राहिलं, छताचे पत्रे नवे बसले, आणि दारावर पाटी लागली. पाटीवर काय लिहायचं ते समितीनं कोचबाईंना विचारलं. त्यांनी विद्यापीठाचं नाव घातलं नाही. फरशी आणणाऱ्या बापांची नावं घातली, आठवली तेवढी.

डॉक्टरांना मुदतवाढ मिळाली आणि तीही संपली. उन्हाळ्यात दोघं परत गेली. जायच्या दिवशी विमानतळावर वहिनी नेहमीसारख्याच होत्या. रडल्या डॉक्टर. मला म्हणाले, "हिला इथं आणलं तेव्हा वाटलं होतं, हिचा सगळा वेळ वाया चालला."

माझं अजून एक वर्ष उरलं होतं. वहिनी नाहीत तर तिकडे जायचं कारण नव्हतं, पण सप्टेंबरात एका संध्याकाळी प्रयोगशाळेतून निघाले आणि गाडी आपोआप रूळ ओलांडून गेली. खेळ संपत आला होता. मुली पाणी पिऊन घरी निघत होत्या. कोचबाईंनी मला बाकावर जागा करून दिली.

"टीचरकडे आता किती वाजले असतील?" त्यांनी विचारलं.

मी हिशेब केला. "पहाट झालीय तिकडे. थोड्या वेळानं त्यांच्या शाळेच्या मुली मैदानावर येतील."

"म्हणजे ती उठली असेल?"

"त्या उन्हाच्या आधी मैदानावर असतात."

कोचबाईंनी यावर थोडा विचार केला. शेवटची मुलगी बाहेर पडेपर्यंत थांबल्या. मग गुडघ्यांवर हात टेकून उठल्या आणि भिंतीकडे गेल्या.

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या. "आता इथले दिवे घालवायला हरकत नाही."